मुंबईत पहिली स्पोर्ट्स बाइक घेताना

"यामाहाची आर-१५ घेऊ की केटीएमची आरसी २००?" कॉलेजातली मुलंमुली हा प्रश्न विचारतात तेव्हा मी आधी तीन गोष्टी विचारून घेते. राहता कुठे, रोज जाता कुठे आणि रात्री गाडी कुठे उभी राहणार? मुलुंडहून बीकेसीला रोज जाणाऱ्याची गाडी वेगळी, लालबागच्या चाळीत दोन स्कूटरींच्या मधल्या फटीत लावावी लागणाऱ्याची वेगळी. ताकदीचे आकडे त्यानंतर.

माझं मत आधीच सांगून टाकते. गियरची गाडी नव्याने शिकणाऱ्याने १५० ते २०० सीसीच्या पलीकडे जाऊ नये आणि ती गाडी निदान दोन पावसाळे चालवावी. "लहान इंजिन" म्हणून तिला कमी लेखायचं कारण नाही. २००३ साली हिरो होंडाची करिझ्मा आली तेव्हा तिच्या २२३ सीसी इंजिनाची सुमारे १७ पीएस (म्हणजे अश्वशक्ती) ताकद हे त्या पिढीचं स्वप्न होतं. आजची यामाहा आर-१५ अवघ्या १५५ सीसीमधून १८.४ पीएस देते आणि वजन जेमतेम १४० किलोच्या आसपास. हे शहरासाठी पुरून उरतं.

आधी लायसन्स

गियरच्या गाडीचं लायसन्स १८ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. सोळाव्या वर्षी पालकांच्या संमतीने जे मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या विनागियर गाडीसाठी. म्हणजे या लेखातली एकही गाडी त्यावर चालत नाही, घरातली नेहमीची ११० सीसीची स्कूटरही नाही. पालकांनी हे नीट वाचावं: २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. "सोसायटीच्या गेटपर्यंतच तर जातोय" म्हणून चावी देऊ नका.

लर्निंग लायसन्स आधारच्या आधारे घरबसल्या ऑनलाइन काढता येतं. ते सहा महिने चालतं आणि निघाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. ताडदेव, वडाळा, अंधेरी, बोरिवली यांपैकी तुमच्या पत्त्याला लागू असलेल्या आरटीओत जायचं. लर्निंगच्या काळात गाडीला पुढे-मागे लाल अक्षरातला 'एल' हवा आणि डबल सीट नाही. मागे बसू शकतो तो फक्त लायसन्स असलेला शिकवणारा.

टेस्टला स्वतःची नवी स्पोर्ट्स बाइक नेऊ नका. तिचं हँडल दोन्ही बाजूंना फार कमी वळतं, त्यामुळे पाय न टेकता आठचा आकडा काढणं नव्या हाताला जड जातं. ओळखीच्या कुणाची १०० किंवा १२५ सीसीची रुंद हँडलची साधी गाडी मागून घ्या, आठवडाभर तिच्यावर सराव करा आणि तिच्यावरच टेस्ट द्या. ज्यांच्याकडे फक्त विनागियरचं लायसन्स आहे त्यांनी त्यात गियरचा प्रकार वाढवून घ्यावा. तसं न करता गियरची गाडी चालवली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते.

कोणती गाडी

या गाड्यांचे आकडे वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. जाहिरातीतली ताकद इंजिनाच्या मिनिटाला ज्या फेऱ्यांवर (आरपीएम) मिळते, त्या फेऱ्यांपर्यंत मुंबईत तुम्ही क्वचित पोचता. आर-१५ चे १८.४ पीएस १०,००० आरपीएमवर येतात. तिच्या व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा, व्हीव्हीए, साधारण ७,४०० च्या पुढे जागी होते. घाटकोपरच्या सिग्नलवर संध्याकाळी तुम्ही असता तीन-चार हजारांवर, पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये आणि हाफ क्लचवर. तिथे ही गाडी थोडी मऊ पडते. रेस न देता क्लच सोडला की बंद होते आणि मागून हॉर्न सुरू होतात. सुझुकी जिक्सर एसएफ १५५ कागदावर १३.६ पीएसचीच, इंजिनही हवेवर थंड होणारं. पण खालच्या फेऱ्यांवर ती समजूतदार आहे आणि नवशिक्याला कमी छळते.

केटीएम आरसी २०० मध्ये २५ पीएस आहेत आणि ते अंगावर येतात. गाडी छान आहे, चाकणला बनते, वळणात तिच्यासारखी सरळ बोलणारी गाडी या किमतीत मिळत नाही. पण पहिल्या सहा महिन्यांत तिच्या रेसला हात लावायची सवय आधी लागते आणि ब्रेकची नंतर. हा क्रम मला नको वाटतो. बजाज पल्सर आरएस २०० आणि हिरो करिझ्मा एक्सएमआर याच ताकदीच्या आसपास आहेत, बसायला जरा ऐसपैस. आधी वर्षभर दुसरी कुठली गियरची गाडी चालवली असेल तर खुशाल घ्या.

यामाहाबद्दल एक सांगायलाच हवं. २००८ मध्ये पहिली आर-१५ आली तेव्हा दीडशे सीसीत पाण्याने थंड होणारं इंजिन, सहा गियर आणि डेल्टाबॉक्स चौकट हे सगळं एकत्र आपल्याकडे सामान्य माणसाला पहिल्यांदाच मिळालं. आज बाजारात जी छोटी स्पोर्ट्स बाइक दिसते तिचा साचा तिथे पडला. म्हणून तिच्याबद्दल आदर आहे. तरीही ती प्रत्येकाच्या हाडापेराला बसतेच असं नाही.

माझी भाची पाच फूट एक इंच. शोरूममध्ये आर-१५ वर बसली आणि कुजबुजली, "मावशी, दोन्ही पाय नाही गं टेकत."

"एक पूर्ण टेकतो का? कंबर डावीकडे सरकव आणि बघ."

टेकला. सेल्समन लगेच म्हणाला, "सवय होते, मॅडम." मी तिला हँडल उजवीकडे शेवटपर्यंत वळवायला सांगितलं. अंगठा हँडल आणि टाकीच्या मधे येऊन दाबला गेला, तसा तिने हात मागे घेतला. मग गाडीवरून उतरून दोन गाड्यांच्या मधून ती मागे ढकलत बाहेर काढायला सांगितली, कारण घरी रोज तेच करायचं होतं. तिसऱ्या ढकलीला गाडी तिच्याकडे झुकली आणि सेल्समनने मागून धरली. आर-१५ ची सीट ८१५ मिलिमीटर उंच, जिक्सर एसएफची ७९५. वीस मिलिमीटर कागदावर काहीच नाहीत, पण तिच्या टाचेला ते कळले. तिने जिक्सर घेतली.

शोरूममध्ये तुम्हीही हेच करा. फोटो काढण्याआधी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा, गाडी हाताने मागे घ्या, साइड स्टँड बसल्या जागी पायाने काढून-लावून बघा. टेस्ट राइड मागा आणि ती रिकाम्या रस्त्यावर न घेता गर्दीत घ्या. दहा मिनिटं बंपर टू बंपर चालवली की मनगटं दुखतात का आणि रेडिएटरचा पंखा सुरू झाल्यावर पोटरीला किती झळ लागते, दोन्ही कळतं. पुढे वाकून बसायच्या गाडीवर सगळं वजन तळहातांवर येऊ द्यायचं नसतं. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरायची, पोट आणि पाठ कामाला लावायची, कोपर सैल ठेवायचे. ज्याचे कोपर ताठ, त्याला दहिसर ते वांद्रे एवढ्यातच खांदे भरून येतात.

एबीएस (जोरात ब्रेक लागला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना सक्तीचं आहे, पण ते फक्त पुढच्या चाकाला असलं तरी नियमात बसतं. दोन्ही चाकांना एबीएस असलेली गाडी घ्या. रंग, ग्राफिक्स, ब्लूटूथ यांवर तडजोड करा, यावर नाही. सोबत स्लिपर क्लच असेल तर उत्तम. घाईत दोन गियर खाली टाकले तरी मागचं चाक उड्या मारत नाही.

पैशांचा हिशोब

एक्स-शोरूम किंमत वाचून घरी बजेट सांगू नका, ऑन-रोड आकडा लेखी मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे जुन्या व्हिडिओंमधल्या किमती धरू नका. कोटेशनमध्ये 'हँडलिंग' किंवा तत्सम नावाची रक्कम दिसली तर ती कशाची ते विचारा आणि पावती मिळणार का तेही विचारा. बहुतेकदा ती तिथेच गळून पडते.

विम्यात एक बारीक मेख आहे. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीच्या विम्याचा, हप्ता सीसीवर ठरतो आणि रेघ १५० वर आहे. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या दरांत ७५ ते १५० सीसीला वर्षाचे ७१४ रुपये, तर १५० च्या पुढे ३५० पर्यंत १,३६६ रुपये. नव्या गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, त्यामुळे १५५ सीसीच्या गाडीला ही रक्कम जवळपास दुप्पट दिसते. डीलर फसवत नसतो, दरच तसा आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा झिरो डेपसकट (म्हणजे क्लेममधून भागांची घसारा-रक्कम न कापणारा) घ्या. या गाड्यांचं फेअरिंग, म्हणजे बाहेरचं आवरण, प्लास्टिकचं असतं. सोसायटीत उभ्या गाडीला कुणाचा धक्का लागून ती आडवी झाली तरी पॅनल, आरसा आणि लिव्हर मिळून बरीच मोठी रक्कम होते.

जुनी गाडी घेत असाल तर चासीस नंबर आरसीवरच्या (नोंदणी प्रमाणपत्रावरच्या) नंबराशी ताडून बघा, बाकी असलेली ई-चलानं तपासा, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घ्या, आणि फॉर्म २९ व ३० भरून नावावर करून घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. विमाही १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करायचा असतो. हँडल शेवटपर्यंत वळवल्यावर जिथे अडतं ती जागा ठेचलेली असेल तर गाडी पडलेली आहे. तिथून पुढे भाव करण्यातही अर्थ नाही, दुसरी बघा.

हेल्मेट आणि बाकीचं

गाडीच्या बजेटमधून आधी पंधरा-वीस हजार बाजूला काढा. हे पैसे उरले तर घेऊ असं ठरवलं की कधीच उरत नाहीत.

हेल्मेट पूर्ण तोंड झाकणारं, आयएसआय खुणेचं म्हणजे आयएस ४१५१ प्रमाणे असलेलं. त्यावर युरोपची ईसीई खूणही असेल तर आणखी चांगलं. घालून बघताना गाल चांगले दाबले गेले पाहिजेत. पट्टा बांधा, मागून कडा धरून पुढे ओढा. डोक्यावरून निघत असेल तर एक साइझ लहान घ्या. काळी काच दिवसा शोभते, पण अंधार पडल्यावर आरेतल्या रस्त्यावर खड्डाही दिसत नाही. साधी पारदर्शक काच लावा. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट कायद्याने लागतंच, मुंबईत २०२२ पासून त्यावर कारवाईही होते. म्हणून दोन घ्या.

ग्लोव्हजकडे मुलं दुर्लक्ष करतात. पडताना माणूस आधी हात टेकतो, तळहात सोलला की महिनाभर पेनसुद्धा धरता येत नाही. तळव्याला कडक पट्टी असलेले ग्लोव्हज घ्या. जॅकेट जाळीचं, खांद्या-कोपरांना सीई या युरोपच्या सुरक्षा खुणेचे पॅड असलेलं. आपल्या दमट हवेत जाड जॅकेट कपाटातच राहतं, जाळीचं घातलं जातं. घोटा झाकणारे बूट घाला. चप्पल घालून गियर टाकू नका.

पहिला महिना

पहिल्या आठवड्यात ऑफिसला किंवा कॉलेजला ही गाडी नेऊ नका. रविवारी सकाळी साडेसहाला सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर किंवा एखाद्या रिकाम्या मैदानाशेजारच्या रस्त्यावर जा. एकच गोष्ट शिका: थांबणं.

ताशी वीसच्या वेगाने सरळ या, ठरवलेल्या खुणेला दोन बोटांनी पुढचा ब्रेक दाबत जा. झटका देऊन खेचायचा नाही. आधी हलका, मग पुढचा शॉक दबलेला जाणवला की घट्ट. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं आणि त्या चाकाची पकड वाढते. सगळ्यात जास्त ब्रेक पुढेच लागतो तो यामुळे. मागचा ब्रेक सोबत हलका असू द्या. क्लच अगदी शेवटी दाबा, नजर समोर लांब. मग तीस, मग चाळीस. एकदा मुद्दाम इतका दाबा की लिव्हरमध्ये एबीएसची थरथर जाणवेल. ती आधी ओळखीची असली की खऱ्या प्रसंगी घाबरून लिव्हर सुटत नाही.

हा सराव का, ते आकड्यांतून बघा. ताशी ४० च्या वेगाला एका सेकंदात गाडी ११ मीटर जाते, ६० ला जवळपास १७. हे नुसतं लक्षात येईपर्यंतचं अंतर. त्यापुढे ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. वेग दीडपट केला की ते सव्वादोनपट होतं. रिकाम्या रस्त्यावर चाळीसला तुम्ही कुठे थांबता ते खडूने आखा, मग पंचेचाळीसला, पन्नासला. खुणांमधलं अंतर डोळ्यांनी पाहिलेला मुलगा बसच्या मागे चिकटत नाही.

दुसऱ्या आठवड्यात हळू चालवणं. चालत्या माणसाच्या वेगाने, हाफ क्लच आणि मागचा हलका ब्रेक यांवर गाडी सरळ रेषेत ठेवा. मुंबईत वेगापेक्षा हेच जास्त वेळ करावं लागतं.

नवी गाडी पहिले हजार किलोमीटर मॅन्युअलमध्ये दिलेल्या आरपीएमच्या आतच चालवा आणि पहिली सर्व्हिस वेळेवर करा. तुमचा शिकण्याचा काळ आणि इंजिन रुळण्याचा काळ एकच पडतो, ते बरंच आहे.

मुंबईचा रस्ता

काही रस्ते दुचाकीला बंद आहेत: वांद्रे-वरळी सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू, पूर्व मुक्त मार्ग, जे. जे. उड्डाणपूल, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे. मॅपवर कारऐवजी दुचाकीचा पर्याय निवडा, नाहीतर तो तुम्हाला थेट यांच्या तोंडाशी नेऊन सोडतो आणि तिथे नाकाबंदी उभी असते.

बेस्टच्या बसच्या डावीकडून कधीही जाऊ नका. दरवाजे तिकडेच आहेत आणि स्टॉपच्या आधी, सिग्नलला, लोक उतरतातच. सायन-माहीमच्या पुढे उपनगरात रिक्षा भेटतात. रिक्षाचा इंडिकेटर बघू नका, पुढचं चाक बघा, ते आधी सांगतं. शहरात उभ्या टॅक्सीपासून एक दरवाजा उघडेल एवढं अंतर ठेवा. उड्डाणपुलांवरच्या लोखंडी जोडांवर आणि मेट्रोच्या कामाशेजारी टाकलेल्या पत्र्यांवर गाडी सरळ असू द्या, त्यावर ब्रेक मारायचा नाही आणि झुकायचं तर मुळीच नाही.

आवाजाचा सायलेन्सर बसवू नका. तो बेकायदा आहे, पोलिसांनी जप्त करून त्यांवर रोडरोलर फिरवलेला आहे. आणि चाळीत तान्ही मुलं झोपलेली असतात.

पावसाळा

जूनची पहिली सर सर्वात वाईट. वर्षभराचं सांडलेलं तेल रस्त्यावर तरंगतं. पहिला अर्धा तास आडोशाला थांबता आलं तर थांबा. नंतरही झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, गटारांची झाकणं आणि पेव्हर ब्लॉक हे तिन्ही ओले असताना साबणासारखे होतात. ब्रेक लवकर आणि हळू, रेस हळू, वळताना गाडी कमी झुकवा. रोजच्यापेक्षा एक गियर वर ठेवलात तर मागचं चाक झटक्याने फिरत नाही.

साचलेल्या पाण्यात तळ दिसत नसेल तर जाऊ नका. अंधेरी सबवे, मिलन सबवे, हिंदमाता ही नावं पाठ ठेवा. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलत बाहेर काढा आणि मेकॅनिकला बोलवा. टायरचे खाचे उथळ झाले असतील तर मे महिन्यातच बदला. "पकड मिळावी म्हणून हवा कमी ठेव" असं कुणी सांगेल, ते ऐकू नका. हवा कमी झाली की खाचे पाणी नीट बाहेर टाकत नाहीत.

चेन साधारण दर ५०० किलोमीटरला साफ करून ल्यूब करा, आणि पावसात भिजून आलात तर त्याच रात्री पुसून करा. वरळी, वर्सोवा, मार्वे अशा समुद्राकाठी राहणाऱ्यांनी त्याहूनही लवकर, खारी हवा आठवड्यात गंज धरवते. चेन किती सैल हवी ते स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. पंक्चरवाल्याच्या अंदाजावर सोडू नका.

शहराबाहेर पहिल्यांदा

निदान दोन-तीन महिने शहरात झाल्यावर. मे महिन्याची दुपार आणि जुलैतला शनिवार-रविवार टाळा. पहाटे निघा, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खोपोलीपर्यंत जा, चहा घ्या, परत या. घाट पुढच्या वेळी. एकटे जाऊ नका आणि दहा जणांच्या ग्रुपमध्येही जाऊ नका. तिथे सगळ्यात पुढच्याच्या वेगाने सगळे चालवतात. तुमच्यापेक्षा हळू चालवणारा एक जण सोबत घ्या आणि त्याला पुढे ठेवा.

घाटात उतरताना ब्रेक धरून ठेवला तर तो तापतो आणि लिव्हर मऊ पडतं. ज्या गियरमध्ये चढाल त्याच गियरमध्ये उतरा, इंजिनला गाडी रोखू द्या. वळण यायच्या आधी वेग कमी करून घ्या, वळणात शिरल्यावर नजर जिथे बाहेर पडायचं तिथे ठेवा, आणि समोरून येणारा ट्रक किंवा एसटी वळणात तुमच्या बाजूला येणार असं धरूनच आपल्या लेनच्या डाव्या अर्ध्यात राहा. अंधार पडायच्या आत पनवेल गाठा.